विहिरीची पूर्व बाजू

एकसष्टाव्या वर्षी बसलिंगप्पा विहिरीत उतरणार म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांना एकदम त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटायला लागली. नांदेडहून येऊन त्यांना दोन दिवस झाले होते आणि तोवर त्या गुडघ्यांची कुणी साधी चौकशी केली नव्हती. थोरले भाऊ ईश्वरप्पा म्हणाले, वरूनच बघ की, सगळं दिसतंय. ईश्वरप्पांचा मुलगा महादेवप्पा म्हणाला, काका, दोर जुना आहे. वहिनी शिवगंगाबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी घरातून एक विटकं धोतर आणून दिलं, म्हणजे अंगावरचं चांगलं खराब व्हायला नको.

बसलिंगप्पांनी धोतर घेतलं आणि सल्ले तिथंच ठेवले. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खाली उतरू नका असं सगळे एका सुरात म्हणायला लागले की खाली बघण्यासारखं काहीतरी असतं. हिमायतनगरच्या बाजूला एका पुलाखाली उतरताना गुत्तेदार असंच म्हणाला होता, साहेब, साप आहे. खाली साप नव्हता. सिमेंटही नव्हतं.

विहीर त्यांच्या वडिलांची. वीरण्णांनी, म्हणजे आप्पांनी, ती निजामाच्या अमलात, शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या मळ्यात बांधून घेतली. तीस फूट रुंद, पन्नास फूट खोल. वरचे वीस फूट घडीव दगड आणि चुना, त्याखाली नुसता खडक. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं आणि पाऊस मात्र दोन वर्षं बेपत्ता होता. आसपासच्या पंधरा-वीस विहिरी खडखडीत वाजत होत्या. ह्या एकीच्या तळाशी बोटाएवढ्या धारेचा झरा उरला होता. सुरुंग लावून आणखी दहा फूट खाली गेलं तर त्याची धार मनगटाएवढी होईल आणि सगळ्या गावाची तहान भागेल, असं तहसिलात ठरलं होतं. प्रश्न वरच्या भिंतीचा होता. पूर्वेकडच्या बाजूला तिला पोट सुटलं होतं. ती सुरुंगाचे हादरे सोसेल का, ते बघायला सोमवारी लातूरहून अभियंता येणार होता. जिल्हा उस्मानाबाद होता तेव्हा साहेब यायला पुढचा पावसाळा उजाडायचा. आता जिल्हा दाराशी आला, त्यामुळं सोमवार म्हणजे सोमवारच. आज शुक्रवार होता.

ते पोट पहिल्यांदा दिसलं बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा विहीर प्रथमच आटली होती. सगळ्यात धाकट्या भावानं, नागप्पानं, त्याच्या चार वर्षं आधी काठावर ऑइल इंजिन बसवलं होतं, पोटापासून जेमतेम दहा हातांवर. मग काय विचारता? इंजिनाच्या हादऱ्यानं आप्पांची विहीर फुटली, असं ईश्वरप्पा म्हणाले, घर म्हणालं आणि आठ दिवसांत गाव म्हणालं. पुढच्याच वर्षी वाटण्या झाल्या. वाटणीपत्रात ईश्वरप्पांनी एक ओळ घालून घेतली, की ज्याच्या कामानं विहिरीला बाध येईल त्याचा पाण्यावरचा हक्क जाईल. नागप्पा होता तोवर ती ओळ कुणी उघडून वाचली नाही. नागप्पा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याची बायको गौरम्मा एकटी चार एकर कसत होती आणि आता ईश्वरप्पांना ती ओळ पाठ असल्यासारखी आठवली होती.

बेत सरळ होता. विहीर सरकार खोल करून देणार, त्याआधी दोष इंजिनाचा असं बसलिंगप्पांनी साहेबाला सांगायचं. इंजिन उठलं की गौरम्माचा हक्क उठला. पाण्यावाचून चार एकर म्हणजे चार एकर धूळ. ती ईश्वरप्पांना देऊन बाईनं उदगीरला भावाच्या दारात जाऊन बसायचं. बसलिंगप्पा पडले रिटायर ओव्हरसिअर, त्यांच्या शब्दापुढं पोरसवदा अभियंता काय बोलणार? ईश्वरप्पांनी हे सगळं काल रात्रीच्या जेवणात इतक्या मायेनं सांगितलं होतं की बसलिंगप्पांनी भाकरी अर्धीच सोडली.

कारण बहात्तरला इंजिनाचं नाव कुणी घेतलं, तर त्यांनीच. माहूरकडच्या दुष्काळी कामांवरून ते एका दिवसासाठी आले होते. ईश्वरप्पांनी काठावरून बोट दाखवलं, त्यांनी काठावरूनच बघितलं आणि म्हणाले, "इंजिनाचंच असंल." एवढंच. मग चहा पिऊन ते मोटारीला गेले. खाली न उतरता सही करणाऱ्या किती मिस्त्र्यांना त्यांनी नोकरीत असताना घरी बसवलं होतं. स्वतःच्या घरी मात्र उंटावरून शेळ्या हाकल्या.

विहिरीवर तीन लाकडांचं तिकाटणं उभं केलं होतं आणि कप्पीवरून चार दोरांना बांधलेली बाज खाली सोडायची होती. बाजेवर बसलिंगप्पा आणि त्यांच्याबरोबर दगडोबा वडार. दगडोबा साठीचा होता, विहिरी खोदण्यात आणि दगड घडवण्यात जन्म गेलेला. दोर महादेवप्पा आणि दोन गड्यांच्या हातात होता. ज्याचा फायदा आपल्या तोंडी आहे त्याच्याच हातात आपला दोर आहे, हे बसलिंगप्पांच्या ध्यानात आलं, पण आता बाजेवर बसून झालं होतं.

बसण्याआधी त्यांनी इंजिनाचा ओटा बघून घेतला होता. इंजिनाच्या चारी पायांखाली ट्रकच्या टायरचे तुकडे कापून घातले होते, एकावर एक तीन-तीन. हे कधी केलं म्हणून त्यांनी गौरम्माला विचारलं. ती पदर कमरेला खोचून उभी होती. तिनं सांगितलं, बहात्तर साली. त्या सालापासून नागप्पा इंजिन दिवसातून एकच तास चालवायचा आणि तो तासभर हात ओट्यावर ठेवून उभा राहायचा, हादरा किती लागतो ते बघत. ऊस त्यानं तेव्हाच सोडला. 

आधी त्यांनी बाज इंजिनाच्या ओट्याखाली न्यायला लावली. इंजिनानं भिंत सुटली असेल तर सुरुवात इथून झालेली असणार. त्यांनी हातोडीनं एकेक दगड वाजवला. प्रत्येक दगड टणक बोलला. सांध्यातला चुना तर असा मुरला होता की हातोडीची ठिणगी पडली. पन्नास वर्षांचा चुना, अठरा वर्षं त्याच्यावर इंजिन धडधडलेलं आणि एक केसाएवढी चीर नाही. दगडोबानं बाज हातानं पूर्वेकडं ओढली.

पूर्वेला आवाज बदलला. काठाखाली आठ-नऊ फुटांवर पोट सुरू होत होतं आणि तिथला प्रत्येक दगड कच्च्या नारळासारखा भद्द वाजत होता. सांध्यातला चुना बोट लावलं की पिठासारखा गळत होता. आणि त्या सगळ्या दगडांवर पांढरा लोणा फुटला होता, इतर कुठंही नाही, फक्त तेवढ्या एका गोल भागावर. जमिनीतला लोणा असता तर तो सगळीकडं असायला हवा होता. बसलिंगप्पांनी बोटावर पांढरी पूड घेतली आणि खात्यातल्या जुन्या सवयीनं जिभेला लावली.

मीठ होतं. साधं, खायचं मीठ.

त्यांनी वर बघितलं. काठाच्या पलीकडं, पोटाच्या बरोबर वर, वडिलांच्या समाधीचा कट्टा आणि त्याच्यावरचं बेलाचं झाड दिसत होतं. एकोणसाठ साली वीरण्णा गेले तेव्हा लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून पुरलं, विभूती आणि बेलाच्या पानांबरोबर भोवती मीठ भरून. ते मीठ बसलिंगप्पांनीच लातूरच्या गंजबाजारातून आणलं होतं, दोन पोती. सत्तावीस वर्षांचे पावसाळे त्या मिठातून झिरपत इथवर आले आणि चुना खात बसले. जिभेवरची चव थुंकावी की गिळावी हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती गिळली.

"मागं पोकळ हाय, सायब," दगडोबा म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

"खड्डा म्याच खोदलो की. खड्डा काठापासनं पाच फुटांवर. मग मठातले सामी म्हनले, तोंड उगवतीला पायजे. म्हनून कोनाडा मावळतीला पाडलो, म्हंजे हिकडं, विहिरीकडं. तीन फूट आत गेलो. मधी दोन फूट माती राह्यली बघा."

"मग बहात्तरला बोलला का न्हाईस?"

"इचारलं कुणी?" दगडोबानं हे अगदी साधेपणानं विचारलं. "तुमी वरून बघितलाव, इंजिन म्हनलाव, चहा पिऊन गेलाव. शिकला-सवरलेला सायब इंजिन म्हनल्यावर म्या वडारानं कोन्या तोंडानं बोलावं?"

 ती पाच फुटांची जागा बसलिंगप्पांना आठवत होती. आप्पा आपल्या विहिरीजवळच बसतील, असं ईश्वरप्पांनी रडत रडत सांगितलं तेव्हा त्यांनी ती दोन पावलांत मोजली होती. जेवढा खड्डा खोल तेवढा भिंतीपासून लांब, हे त्यांनी पुढं शंभर पोरांना शिकवलं. त्या दिवशी नऊ फूट खोल खड्डा पाच फुटांवर घेतला जात होता आणि ते गप्प बसले. बापाच्या अंगावर माती पडायची होती, तिथं टेप काढून उभं राहणारा पोरगा कुणाला आवडला असता?

वर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं, तोंड धुतलं आणि चिंचेखाली बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, पण आवाजही चढवला नाही. तळाचा खडक चांगला आहे. ओट्याखालची भिंत चांगली आहे. पूर्वेची भिंत आप्पांच्या समाधीच्या खड्ड्यानं आणि मिठानं सुटली आहे. तो खड्डा उकरून, दगड-चुन्यानं भरून काढल्याशिवाय सुरुंग लावला तर भिंत खाली काम करणाऱ्यांच्या डोक्यावर येईल.

ईश्वरप्पांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "म्हंजे आप्पांनी विहीर फोडली म्हनतोस? मेलेल्या बापावर घालतोस?"

"आप्पांवर न्हाई, आण्णा. जागा तुमी दाखवलाव. मोजलो मी. आन् चौदा वर्सांखाली न बघता इंजिनाचं नाव घेतलो ते बी मीच."

 मग महादेवप्पानं तोंड उघडलं. पोरगा हुशार, वकिली शिकला असता तर लातुरात बंगला बांधला असता. त्याचं म्हणणं असं, की भिंत पन्नास वर्षांची आहे, तर साहेबाला सांगायचं की जुनी झाली म्हणून सुटली. कुणाचाच दोष नाही. काकूचं इंजिन राहतं, पाण्याचा हक्क राहतो, वाटणीपत्रातली ओळ आपण विसरून जाऊ. समाधीला हात लावायचा नाही. आतून चार लाकडी टेके लावले की झालं.

वाईट हे होतं, की तोडगा चांगला होता. ईश्वरप्पांनी लगेच मान हलवली. बसलिंगप्पांचीही हलत आली होती. गौरम्माचं पाणी वाचत होतं, आण्णांची लाज वाचत होती आणि त्यांचीही वाचत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरीत असे किती कागद त्यांच्यापुढं आले होते, कारणाच्या रकान्यात 'जुनेपणा' लिहिलेले. जुनेपणा कधी तक्रार करायला येत नाही.

"सुरुंगाच्या टायमाला खाली कोन ऱ्हाईल?" त्यांनी विचारलं.

महादेवप्पानं दगडोबाकडं बघितलं. दगडोबा आणि त्याचे दोन मुलगे राहणार होते, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"मंग न्हाई," बसलिंगप्पा म्हणाले. "आहे ते लिहून द्यावं लागंल. आप्पांना बाहेर काढावं लागंल."

तेव्हा ईश्वरप्पा उठलेच. माझ्या जिवंतपणी बापावर कुदळ पडायची नाही, असं म्हणून ते समाधीच्या कट्ट्यापुढं जाऊन उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, हात पसरून उभा. बसलिंगप्पांना त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी भडभडूनही आलं, कारण एकोणसाठ साली ते असेच उभे होते, फक्त केस काळे होते.

त्यांना तिथून हलवलं ते शिवगंगाबाईंनी. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याविरुद्ध चारचौघांत न बोललेली बाई. त्या जागेवरून न उठताच म्हणाल्या, "आप्पा लिंगैक्य झाले म्हनून आपुनच गाव जेवू घातलाव न्हवं? शिवात मिळाले म्हनलाव. मंग आता तिथं कोन बसलंय, सांगा बरं. मीठ हाय तिथं. मिठापायी दगडोबाची पोरं मारता का?"

ईश्वरप्पांचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. ते बायकोकडं बघत राहिले. त्यांना तिचा आवाज अनोळखी वाटला असावा. मग म्हणाले, सोमवारच्या आत स्वामींना बोलवा, जे काही करायचं ते रीतीनं करा. आणि कट्ट्याच्या पायाशी बसून त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

इतका वेळ गौरम्मा इंजिनाला टेकून उभी होती. वाद तिच्या पाण्याचा होता, पण तिला एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं, हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं. बसलिंगप्पा तिच्याकडं गेले. ते म्हणाले, गौरम्मा, इंजिनाचा दोष नव्हता. सोमवारी मी साहेबाला माझ्या हातानं लिहून देतो, तुझा हक्क कुठं जात नाही. ती आता हसेल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं होतं.

"हक्काचं ऱ्हाऊ द्या, भावजी," ती म्हणाली. "शेवटाला ताप चढला तवा त्यांनी ह्या विहिरीचं पानी तोंडात घेतलं न्हाई. मी बापाची विहीर फोडलो, मला तिचं पानी नको, म्हनले. मारुतीच्या आडाचं आनून पाजले मी."

बसलिंगप्पांना हे ठाऊक नव्हतं. नागप्पा गेला तेव्हा ते नांदेडहून तिसऱ्या दिवशी पोचले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की संन्यासी निदान ओरडतो तरी. नागप्पानं ती फाशी खरी मानली होती आणि इंजिनाखाली टायर घालत बसला होता. बसलिंगप्पा कसंबसं म्हणाले, "चुकलं माझं, गौरम्मा."

"मला कामून सांगता? माझा इश्वास गेला न्हवता त्यांच्यावर." तिनं बांधाच्या पलीकडं हात केला. तिच्या वाट्यातल्या रानाच्या कडेला नागप्पाची समाधी होती, शेणानं सारवलेली, ताजी. "ज्याला खरं वाटलं तो तिकडं बसलाय. त्याला सांगा."

महादेवप्पानं काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, पण आईनं त्याचं मनगट धरलं. बसलिंगप्पांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि बांध ओलांडला. रान तापलं होतं, ढेकळं पायाला बोचत होती, आणि गुडघे आता खरंच दुखायला लागले होते. समाधीपुढं ते आधी उभेच राहिले. आयुष्यभर त्यांनी तपासणीचा अहवाल उभ्यानंच दिला होता. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "नागप्पा, मी आज खाली उतरून बघितलो. तुझ्या ओट्याखाली एक चीर न्हाई. तुझं इंजिन न्हाई रे."

 मागून पावलं वाजली. वाटण्या झाल्यापासून तेरा वर्षांत ईश्वरप्पांनी ह्या रानात पाऊल टाकलं नव्हतं. ते बांधावर थांबले, टोपी काढून हातात धरली आणि तिथूनच म्हणाले, "जागा म्या दाखवलो, ते बी सांग त्याला. वाटनीत ती ओळ म्या घातलो, ते बी."

"तुमीच सांगा, आण्णा," बसलिंगप्पा म्हणाले. "माझ्या सांगन्यावर तो एकदा फसलाय."

ईश्वरप्पा बांध उतरले. उतरताना तोल गेला, तेव्हा गौरम्मा हाताच्या अंतरावर उभी होती, पण तिनं हात पुढं केला नाही आणि त्यांनीही मागितला नाही. धाकट्या भावाच्या समाधीला धरून ते एकटेच खाली बसले. दोनदा त्यांनी "नागप्पा" म्हटलं, आणि दोन्ही वेळा त्यांना पुढचं बोलता आलं नाही. गौरम्मा हलली नाही. ते तिसऱ्यांदा सुरुवात करेपर्यंत ती उभी राहिली.